संकटात ‘प्रार्थना करा’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

कोपरखैरणे_घरभेट

नमस्कार मंडळी. आमच्या घरभेट गटात कॅथलिकही आहेत आणि मराठी मंडळ्यांतले प्रोटेस्टंटही. घणसोली ते तुर्भे या पट्ट्यातल्या घरी जाणं होतं. कुठे नोकरी गेलेली, कुठे केमोथेरपी चालू, कुठे महिन्याभरात मृत्यू झालेला. तिथे प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, ‘प्रार्थना करा, देव सोडणार नाही.’ वाक्य खरं आहे, पण रात्री दोन वाजता जागं असलेल्या माणसाला त्यातून पुढची कृती सापडत नाही.

एका पानावर मावेल अशी माहिती छापायची आहे, पहिल्या पंधरा दिवसांपुरती. वाचायचं काय आणि किती? शब्दच फुटत नसतील तर? फादरांना किंवा पाळकांना कोणत्या टप्प्यावर बोलवायचं? आणि चांगल्या हेतूनं केलेल्या कोणत्या गोष्टींनी माणूस आणखी खचतो? अनुभवकथन नको, करता येईल असं सांगा.

चरई_स्तोत्रवाचक

स्तोत्रसंहितेपासून (बायबलमधला १५० प्रार्थनागीतांचा संग्रह) सुरुवात करा, मात्र २३व्या स्तोत्रापासून नको. मेंढपाळाचं स्तोत्र बहुतेकांना पाठ असतं, त्यामुळे जखम ताजी असताना ते नुसतं कानावरून जातं. १३वं घ्या. अवघी ६ वचनं, सावकाश मोठ्यानं वाचली तरी मिनिटभराची. पहिल्या दोन वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो, तोही थेट देवाला. तिसऱ्या-चौथ्यात मागणी आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. संकट टळल्याचं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही, आणि हेच लोकांना दाखवा. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. देवापुढे गाऱ्हाणं मांडणं म्हणजे विश्वास कमी पडला असं कोणाला वाटत असेल, तर त्याला मार्क १५:३४ उघडून द्या. क्रुसावर येशूनं २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, आणि ती ओळ ‘मला का सोडलंस’ अशी आहे.

वाचून झालं की त्याच साच्यात स्वतःची प्रार्थना लिहायला सांगा. वही आणि पेन, मोबाइल नको. पाच ओळी पुरतात. पहिलीत हाक: देवाला ज्या नावानं रोज हाक मारता तीच. दुसरीत तक्रार. तिसरीत मागणी. चौथीत देवानं पूर्वी सांभाळल्याचा एखादा खरा प्रसंग, शक्य असेल तर सालासकट. पाचवीत भरवशाचा एक शब्द.

हमखास चुकते ती दुसरी ओळ. ‘फार त्रास होतो आहे’ एवढं लिहून माणूस पाचवीवर उडी मारतो आणि आतलं सगळं आतच राहतं. ‘तीन हप्ते थकले आहेत, बँकेचा नंबर दिसला की छातीत धडधडतं’ असं लिहायला हवं. मागणीलाही मुदत असावी. ‘सगळं नीट कर’ यापेक्षा ‘गुरुवारी रिपोर्ट येईपर्यंत झोप लागू दे’ ही मागणी मनाला धरून ठेवता येते. आणि पाचवी ओळ सुचली नाही तर कोरी सोडा, ओढूनताणून भरू नका. ८८वं स्तोत्र तसंच आहे. १८ वचनं, शेवट अंधारात, भरवशाची ओळच नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मृत्यू झालेल्या घरी मी पहिल्या आठवड्यासाठी हेच सुचवीन.

पंधरा दिवसांचा तुमचा हिशेबही छान जुळतो. १२० ते १३४ ही १५ आरोहणस्तोत्रं यात्रेला निघालेल्यांची आहेत. १३२वं सोडलं तर एकही ९ वचनांपेक्षा मोठं नाही. सकाळी रोज एक आरोहणस्तोत्र, रात्री १३ किंवा ८८. यापेक्षा जास्त वाचन देऊ नका. संकटातल्या माणसाचं लक्ष फार वेळ टिकत नाही. ठरवलेलं पुरं झालं नाही की तो त्याचंही ओझं घेतो.

शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवायचं आणि जे वचन येईल तो देवाचा निरोप मानायचा, हे मात्र ठामपणे थांबवा. बोट शापाच्या वचनावर पडलं की माणूस आठवडाभर त्यातून बाहेर येत नाही.

ऐरोली_वॉर्डसेवा

मी फक्त आजारपण आणि हॉस्पिटलबद्दल लिहिते, कारण तिथेच सगळ्यात जास्त उशीर होतो.

कॅथलिक घरांत अजूनही समजूत आहे की फादरांनी तेल लावलं म्हणजे माणूस चालला. म्हणून रुग्ण शुद्धीवर आहे तोवर कोणी बोलवत नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी आजाऱ्याला तेल लावण्याच्या या संस्काराचा सुधारित विधी जाहीर केला. तो गंभीर आजाऱ्यांसाठी आहे, शेवटच्या श्वासाची वाट बघायची गरज नाही. मोठ्या आजाराचं निदान झालं, गंभीर आजारासाठी ऑपरेशन ठरलं, किंवा म्हातारपणानं माणूस खूप थकला, की बोलवा. बरं वाटून पुन्हा गंभीर आजार आला किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर तो पुन्हा देता येतो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी घेतलेला बरा, सकाळी वॉर्डात कोणालाच वेळ नसतो.

पॅरिश ऑफिसला (आपल्या भागातल्या चर्चच्या कार्यालयाला) फोन करताना एवढं हाताशी ठेवा: रुग्णाचं नाव, वॉर्ड आणि बेड नंबर, भेटीची वेळ, रुग्ण शुद्धीवर आहे का, आणि गिळता येतं का. शेवटचा प्रश्न कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घेण्यासाठी लागतो. गिळायला त्रास असेल तर होस्टीचा (त्या भाकरीचा) अगदी छोटा तुकडाही चालतो. नाकातून नळी असेल तर आधी नर्सला विचारा, स्वतः ठरवू नका. कन्फेशन (फादरांजवळ पापांची कबुली) करायचं असेल तर नातेवाइकांनी दहा मिनिटं बाहेर थांबायचं, हे फादर येण्याआधीच घरच्यांना सांगून ठेवा. पडद्याआड कानोसा घेत उभं राहू नये.

आयसीयूत सहसा कपाळ आणि दोन्ही हातांना तेल लावतात. ते शक्य नसेल तर एकट्या कपाळाला लावलं तरी संस्कार पूर्ण होतो. बेशुद्ध रुग्णालाही देता येतो, शुद्धीवर असता तर त्यानं तो मागितला असता एवढं पुरेसं आहे. हा संस्कार फक्त फादर देऊ शकतात. कम्युनियन मात्र त्यासाठी नेमलेले प्रापंचिकही घरी आणू शकतात, म्हणून दोन्हींसाठी एकाच दिवसाची वाट बघत बसू नका.

घरी कम्युनियन येणार असेल तर छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, पाण्याचा पेला आणि मेणबत्ती ठेवतात. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही. सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर, ऑक्सिजनमुळे जवळची ठिणगीही भडकते. बॅटरीवरचा दिवा ठेवा, संस्कारात काहीही उणं पडत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. कम्युनियनआधीचा एक तासाचा उपवास आजाऱ्याला आणि वृद्धांना जसा माफ आहे, तसाच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यालाही. रात्रभर जागलेल्या सुनेनं सकाळी चहा-पाव खाल्ला म्हणून तिनं कम्युनियन टाळू नये.

नेरूळ_मंडळी

ऐरोलीच्या ताईंनी कॅथलिक बाजू नीट मांडली. आमच्याकडे आधार याकोबाच्या पत्राचा, ५:१४. आजाऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. तिथे बोलावण्याचं काम आजाऱ्याला सांगितलं आहे याकडे लक्ष द्या. पाळकांना कळेल आणि ते येतील, असं धरून बसलेली घरं पुढे रुसतात. सरळ निरोप द्या. प्रभुभोजनही घरी आणायला सांगता येतं, संकोच नको.

शब्द न फुटण्याबद्दल: रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये म्हटलं आहे की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्माच आपल्यासाठी कण्हतो. त्यामुळे नुसतं बसणंही प्रार्थनेत मोजायला हरकत नाही. हाताशी काही हवं असेल तर श्वासाची प्रार्थना द्या. श्वास घेताना मनात ‘प्रभू येशू ख्रिस्ता’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. पूर्वेकडच्या मंडळ्यांत ही शतकानुशतकं चालत आली आहे. श्वास मुद्दाम लांबवू नका, दमेकऱ्याला घुसमटल्यासारखं होतं. सोडायचा श्वास आपोआप थोडा लांबतो तेवढा पुरे. स्कॅनच्या खोलीबाहेर, वकिलाच्या ऑफिसात, कुठेही चालते.

आणि गायन विसरू नका. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत आणली, त्यामुळे आपल्याकडे ही पदं आजीपासून नातवापर्यंत तोंडात असतात. दुःखातल्या माणसाला गायला लावू नका. बाकीच्यांनी दोन कडवी हळू म्हणावीत, त्यानं नुसतं ऐकावं. सूर लागला तर तो येईल बरोबर.

कोपरखैरणे_घरभेट

खूप उपयोगी. दोन अडचणी विचारते. बरीच घरं वन रूम किचनची, पाच-सहा माणसं, एकांत नाहीच. आणि नोकरदार सकाळी सातला घर सोडतात. त्यांना ‘शांत जागी बसा’ कसं सांगायचं?

ट्रान्सहार्बर_प्रवासी

रोझरी (मारियेची जपमाळ) म्हणणाऱ्यांसाठी ट्रान्सहार्बरची (ठाण्याहून वाशी-पनवेलची) गाडी चांगली पडते. एका दशकात एक ‘हे आमच्या बापा’, दहा ‘नमो मारिया’ आणि एक ‘गौरव’, मनातल्या मनात साधारण तीन-चार मिनिटं. ऐरोली ते रबाळे पहिलं, घणसोलीपर्यंत दुसरं, कोपरखैरणेपर्यंत तिसरं, तुर्भ्यापर्यंत चौथं, वाशीची गाडी असेल तर सानपाड्यापर्यंत पाचवं, पनवेलची असेल तर जुईनगरपर्यंत. स्टेशन आलं आणि दशक पुरं झालं नसेल तर मोजत बसू नका, पुढचं सुरू करा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं (जप करताना मनन करायचे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग) असतात, पण संकटात इतर दिवशीही तीच म्हणावीशी वाटली तर बिनधास्त म्हणा. माळ गर्दीत तुटते, त्यापेक्षा बोटांची पेरं वापरा.

ठाण्यात तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट किंवा वाशीचं सेक्रेड हार्ट वाटेत पडत असेल तर रोजच्या मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) आधी किंवा नंतर दहा मिनिटं मागच्या बाकावर बसता येतं. घरी एकांत नाही त्याला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

कळवा_विश्वासी

चरईचे दादा, थोडा मतभेद आहे. तक्रारीवर एवढा भर का? फिलिप्पैकरांस ४:६ मध्ये आभारासह मागा असं स्पष्ट आहे. तक्रार लिहून लिहून माणूस त्यातच रुतणार नाही का?

चरई_स्तोत्रवाचक

प्रश्न रास्त आहे, रुतण्याचा धोका खरा आहे. म्हणून तर एकच पान आणि पाचच ओळी. सलग चार पानं तक्रार लिहिली तर ती देवाशी बोलणं राहत नाही, मनातल्या मनात घोळणं होतं. दर ओळीत ‘तू’ आहे का हे तपासा. ‘माझं असं झालं’ वरून ‘तू हे पाहतोस ना?’ वर आलं की ती प्रार्थना झाली.

आभाराबद्दल: पौलानं ते पत्र तुरुंगातून लिहिलं, आणि त्याच पत्रात २:२७ मध्ये आपला सोबती एपफ्रदीत याच्या आजारपणाविषयी लिहिताना तो स्वतःच्या ‘दुःखावर दुःखा’चं नाव घेतो. म्हणजे एकाच पत्रात दोन्ही आहे. संध्याकाळी आभाराची एक ओळ जरूर लिहा, पण ती लहान, खरी आणि त्याच दिवसाची असावी. ‘आज सलाइन पहिल्याच टोचणीत लागली.’ ‘शेजारच्या काकींनी मुलांना जेवू घातलं.’ कर्करोगाबद्दल आभार मानायला कोणाला सांगू नका. शास्त्रानं ते मागितलेलं नाही, आणि ऐकणारा त्या दिवसापासून तुमच्याशी खरं बोलणं बंद करतो.

कळवा_विश्वासी

एपफ्रदीताचा संदर्भ लक्षात नव्हता. पटलं.

बेलापूर_समुपदेशन

वर न आलेल्या पण जीव राखणाऱ्या गोष्टी लिहितो.

१ राजे १९ प्रत्येक घरभेट करणाऱ्यानं वाचावा. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला, झुडपाखाली बसला आणि मला मरण दे म्हणाला. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचं देवाशी संभाषण त्यानंतर, ४० दिवसांच्या चालीनंतर. तुमच्या पानावरही हाच क्रम ठेवा: जेवला का, झोपला का, औषध घेतलं का, आणि मग वचन. मधुमेह्याला, गरोदर बाईला, केमोथेरपी चालू असलेल्याला उपवासप्रार्थना सुचवू नका.

मोठे निर्णय पुढे ढकलायला सांगा. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा नियम आहे: मन उजाड असताना आधीचा शांत मनानं घेतलेला निर्णय बदलू नये. घर विकणं, राजीनामा, लग्न मोडणं, मंडळी सोडणं, यातलं तातडीनं करायलाच हवं असं क्वचितच असतं. त्याच काळात प्रार्थना थोडी वाढवावी असंही ते सांगतात. थोडी म्हणजे पाचाची सहा मिनिटं, सगळी रात्र नव्हे.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदासी, कशातच मन नाही, झोप आणि भूक बिघडलेली, तर ते फक्त आध्यात्मिक कोरडेपण धरू नका, डॉक्टरकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. कोणी मरणाची भाषा केली तर सरळ विचारा, ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशक घराबाहेर काढा, आणि तुमची प्रार्थना त्याच्या शेजारी बसून करा. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता विश्वासानं बंद कर’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. अचानक बंद केल्यानं आजार उलटतो.

पैशाबद्दलही लिहा. अमुक रक्कम द्या म्हणजे कर्ज फिटेल असं सांगणाऱ्याला संकटातल्या घरानं एक रुपयाही देऊ नये. २ करिंथकरांस ९:७ मध्ये दान मनात ठरवल्याप्रमाणे, सक्तीनं नव्हे, असं आहे. मिस्साचा हेतू द्यायला (आपल्या माणसासाठी मिस्सा करून घ्यायला) पैसे नसतील तर तसं फादरांना सांगा. गरिबाच्या हेतूसाठी अर्पण न घेताही मिस्सा करावी, अशी चर्चच्या कायद्याची आग्रहाची शिफारस आहे. उलट मदत घ्यायला पॅरिशमधली सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही संस्था घरी जाऊन परिस्थिती बघते आणि गाजावाजा न करता हात देते. तुमच्या पॅरिशमध्ये तिचा गट आहे का ते ऑफिसात विचारा.

शेवटचं, दोषाबद्दल. ‘घरात कोणाचं तरी पाप असेल’, ‘विश्वास कमी पडला’ हे बोलणाऱ्यांना योहान ९:३ दाखवा. जन्मांध माणसाबद्दल येशूनं ना त्याला दोषी धरलं ना आईबापांना. आणि आपण ठाणेकरांनी तर हे विसरू नये. १३२१ साली याच ठाण्यात तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती मारले गेले. चर्च त्यांना हुतात्मे म्हणतं, विश्वासात उणे पडलेले म्हणत नाही. विश्वास होता म्हणून सुटका व्हायलाच हवी होती, हा हिशेब जिथे लावला जातो तिथे दुःखी माणूस दुप्पट एकटा पडतो.

ऐरोली_वॉर्डसेवा

प्रत्यक्ष भेटीबद्दल थोडं. दोघांनी जा, वीस मिनिटांत उठा. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होतं, कारणं सांगायला लागले तिथे बिघडलं (ईयोब ४२:७ मध्ये देव त्यांच्यावरच रागावतो). ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘गुरुवारी रात्रीचा डबा आणते, तिखट कमी चालेल का?’ असं विचारा. प्रार्थना करू का, हे आधी विचारा. होकार आला तर दोन मिनिटं, घरातल्यांची नावं घेऊन. बाकी सगळे येऊन जातात ते पहिल्या दहा दिवसांत. खरी गरज मृत्यूनंतरच्या ३०व्या दिवसाच्या मिस्सानंतर असते, पाहुणे गेलेले असतात तेव्हा. त्या आठवड्यातली भेट आजच डायरीत लिहून ठेवा. व्हॉट्सअॅपवर ‘अकरा जणांना पाठवा म्हणजे कृपा होईल’ असले निरोप गटातून कोणीही पुढे ढकलायचे नाहीत, हेही ठरवून टाका. न पाठवल्याची भीती आजाऱ्याला पुरते.

कोपरखैरणे_घरभेट

सगळ्यांचे मनापासून आभार. पानाच्या एका बाजूला वाचन, दुसऱ्या बाजूला पॅरिश ऑफिस, पाळक आणि १४४१६ असं करते. चरईचे दादा, एकच शंका. १३२वं स्तोत्र १८ वचनांचं आहे, केमोथेरपीवाल्यांना लांब पडेल. गाळू का?

चरई_स्तोत्रवाचक

गाळू नका, दोन दिवसांत विभागा. १ ते १० मध्ये दाविदाच्या कष्टांची आठवण देऊन केलेली मागणी आहे, ११ ते १८ मध्ये देवाचं उत्तर. पान सोळा दिवसांचं होईल. अक्षरं मोठी ठेवा, १६ पॉइंटच्या खाली नको, रुग्णाजवळ चष्मा नसतो. आणि स्तोत्रांचा फक्त क्रमांक न देता पूर्ण मजकूर छापा, उशाशी शास्त्र असेलच असं नाही.